घरट्याचं लोकेशन चालतं, तळ्यातलं पाणी चालत नाही

प्रति,
आमच्या पक्षीनिरीक्षण गटाचे तिन्ही ॲडमिन
(गटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी ओळखायचं त्यांनी पहिल्या चार ओळींत ओळखलं असेल.)

सप्रेम नमस्कार.

गटावर कुठला मेसेज ठेवायचा आणि कुठला काढायचा, याबद्दल हे पत्र आहे. खरं तर ते गटावरच लिहायचं होतं. पण गेल्या आठवड्यापासून तिथे फक्त ॲडमिनना मेसेज टाकता येतात आणि आम्ही बाकीचे नुसते वाचक. तुम्हा तिघांना वेगवेगळं पाठवलं असतं तर 'बघतो', 'बोलू आपण निवांत' आणि हात जोडलेला एक इमोजी, एवढ्यावर ते मिटलं असतं. हेच म्हणायचंय असे लोक गटात पुष्कळ आहेत. शिवाय ठाणे आणि नवी मुंबईत असे हौशी गटही पुष्कळ. ट्रेकवाल्यांचे, गच्चीवर बाग करणाऱ्यांचे, जुनी नाणी जमवणाऱ्यांचे. त्यातल्या ओळखीच्या लोकांशी बोलले की कळतं, विषय फक्त वेगळा असतो, भांडण हेच असतं. म्हणून चारचौघांत लिहितेय.

आधी जमेची बाजू. नेरूळला राहायला आले तेव्हा लांब पायांचा प्रत्येक पक्षी माझ्यासाठी बगळा होता. शेकाट्या कुठला, तुतवार कुठला, छोट्या रोहितची (म्हणजे फ्लेमिंगोची) चोच गडद लाल, जवळजवळ काळपट कशी असते आणि मोठ्या रोहितच्या गुलाबी चोचीचं फक्त टोक कसं काळं असतं, हे सगळं मला या गटानं शिकवलं. रात्री साडेअकराला धूसर फोटो टाकला तरी 'शेपटीच्या बाजूनं काढलेला आहे का?' असं विचारणारं कुणीतरी जागं असायचं. हे फुकट मिळतं, आणि त्यामागे तुमचा वेळ जातो. प्लॉट विकणाऱ्यांना काढणं, सकाळची गुलाबाची फुलं पुसणं, चार वर्षांपूर्वीचा बिबट्याचा व्हिडिओ 'आत्ताच येऊरला' म्हणून आला की तो हटवणं, ही कामं कुणी डोक्यावर घेत नाही, तुम्ही घेतलीत. त्यामुळे 'नियमच नकोत' असं म्हणायला मी आलेली नाही.

आता जे त्या आठवड्यात फोनपासून लांब होते त्यांच्यासाठी घडलं ते सांगते.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस पडायच्या आधी, ऐरोलीच्या एका तरुण सदस्यानं पाम बीच रोडच्या बाजूच्या एका तळ्याचे दोन फोटो टाकले. दोन्ही एकाच जागेवरून काढलेले. एक जुना, भरतीच्या वेळचा, काठोकाठ पाणी. दुसरा परवाचा, तोही भरतीच्याच वेळेचा. त्यात मधोमध शेवाळाची साय, कडेला भेगा पडलेला चिखल आणि मागे राहिलेले पाचसात रोहित. खाली त्यानं लिहिलं होतं, 'भरती पूर्ण असून आत पाणी नाही. वाट कुठे बुजली ते संबंधित कार्यालयात जाऊन विचारायला हवं. कोण येतंय?' अर्ध्या तासात तिथे 'हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला' एवढीच ओळ उरली. पाठोपाठ तुमचा मेसेज आला: 'नियम ४. राजकीय विषय नकोत. गट फक्त पक्ष्यांसाठी आहे.' त्यानं विचारलं, 'सर, यात राजकारण कुठे आहे?' उत्तर आलं नाही, तो गटाबाहेर गेला. तिघाचौघांनी कारण विचारलं आणि गटालाच कुलूप लागलं.

त्याच आठवड्यात, कुलूप लागायच्या आधी, आणखी एक पोस्ट आली होती. तिबोटी खंड्याची जोडी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ खोदतेय, असा देखणा फोटो. चोचीवर ओली माती, पाठीवर तो जांभळट निळा रंग. सोबत लोकेशनचं पिन आणि सूचना: 'बाइक थेट ओढ्यापर्यंत जाते. सकाळी सातच्या आत पोचा, नंतर गर्दी होते.' त्यावर लाल बदामांचा पाऊस पडला. तुमच्यापैकी एकाचाही त्यात होता.

माझं सगळं म्हणणं या दोन पोस्टमध्ये आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. जिथे तोंड आवरायला हवं तिथे आपला गट मोकळा आहे, आणि जिथे मोकळेपणानं बोलायला हवं तिथे तुम्ही दार लावून घेतलंय.

पिनाबद्दल आधी बोलते, कारण त्यात एका जिवाचं नुकसान लगेच होतं. तिबोटी हा चिमणीएवढा पक्षी. पावसाच्या तोंडावर कोकणात येतो, दरडीत हातभर बीळ खोदतो आणि पिल्लं उडाली की पाऊस संपता संपता निघून जातो. खोदकाम चालू असताना माणसांची वर्दळ झाली तर जोडी ती जागा सोडून देते. गेल्या पावसाळ्यात आपल्याच गटाच्या सहलीत वाटेत काय दिसलं ते तुम्हीही पाहिलंय. ओढ्याच्या पलीकडे छत्र्या आणि ट्रायपॉडची रांग होती. बिळासमोर लोंबणारी नेच्याची पानं कोयत्यानं साफ केलेली, का तर फोटोत आडवी येतात. आयती बसायची जागा म्हणून एक वाळकी काटकी बरोबर फोकसच्या अंतरावर चिखलात रोवलेली. पक्षी चोचीत सापसुरळी घेऊन लांबच्या फांदीवर बसून राहिला होता. बिळात जाईना, घास टाकीना. आपण होतो तेवढा वेळ तो तसाच होता. एकजण मोबाइलवर त्याच्याच आवाजाची रेकॉर्डिंग लावत होता, म्हणजे तो जवळ यावा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या दिलीय आणि त्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणं, त्यांत व्यत्यय आणणं हेही येतं. बंदूक लागत नाही. कोयता आणि कॅमेरा पुरतो. आपल्या गटाच्या नियमावलीत मात्र फोटोवर वॉटरमार्क केवढा असावा याची ओळ आहे आणि घरट्यांबद्दल एक अक्षर नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आपण सगळेच याद्या भरतो. तिथेही काही संवेदनशील जातींच्या नोंदींची नेमकी जागा सगळ्यांना दाखवली जात नाही. त्याला कुणी मुस्कटदाबी म्हणत नाही, कारण त्या बंधनामागचं कारण समोर दिसतं.

तेव्हा लोकेशन लपवा असं सांगणारी मीच, आणि त्या मुलाचा मेसेज ठेवायला हवा होता म्हणणारीही मीच. यात विसंगती वाटत असेल तर एवढंच पाहा की बोलण्यानं नुकसान कुणाचं होतं. पिनानं पक्ष्याचं होतं. तळ्याच्या दोन फोटोंनी कुणाचं झालं? फार तर आपल्या शांत रविवारचं.

'गट फक्त पक्ष्यांसाठी' हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवतेय. ठाण्याच्या खाडीवर रोहित कशामुळे आहेत हे तुम्ही नव्या लोकांना किती छान समजावता! ओहोटीला खाडीचा गाळ उघडा पडतो, त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खायला ते उतरतात. भरती आली की गाळ बुडतो आणि टेकायला जागा उरत नाही, मग ते सीवूड्स, नेरूळच्या तळ्यांवर येऊन एका पायावर उभे राहतात आणि पाणी ओसरलं की परत जातात. म्हणजे खाडी हे त्यांचं ताट आणि ही तळी म्हणजे ओसरी. खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला, तेव्हा तुम्हीच गटाचा डीपी बदलला होता. अभिनंदनाच्या मेसेजनी फोन गरम झाला होता. रामसर दर्जा हा सरकारी निर्णय, अभयारण्य हा सरकारी निर्णय. त्यांचं कौतुक केलं तर ते पक्षीप्रेम आणि तळ्यात पाणी का नाही विचारलं तर ते राजकारण, ही वाटणी कुणी केली?

२०२४ आठवून पाहा. एप्रिलमध्ये नेरूळच्या तळ्यावर रोहित मरून पडायला लागले. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्यामुळे तळं मरतंय, अशी पर्यावरणाचं काम करणाऱ्यांची तक्रार होती. पुढे २० मेच्या रात्री घाटकोपरच्या आकाशात विमानाला थवा धडकला आणि चाळीसच्या आसपास रोहित गेले. थवा त्या रात्री तिकडे का होता यावर जाणकारांनी वेगवेगळी मतं मांडली. आपल्या गटावर त्या दिवशी काय होतं? 'भावपूर्ण श्रद्धांजली.' रडक्या चेहऱ्यांची माळ. एकानं कविता केली, ती पिन करून ठेवली गेली. त्या मुलानं तेव्हाही विचारलं होतं की हे पक्षी विश्रांतीच्या जागा सोडून हलले असतील का. त्याला 'वेळकाळ पाहा' असं सुनावलं गेलं. मेल्यावर रडायला परवानगी आणि मरू नयेत म्हणून बोलायला बंदी!

बाकीच्यांनी तेव्हा तोंड बंद ठेवलं नाही. पत्रं लिहिली, तळ्याकाठी उभे राहिले, फोटो आणि भरतीच्या वेळा जोडून तक्रारी दिल्या. नेरूळच्या त्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला २०२५मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं मान्यता दिली, ती नुसत्या बदामांनी मिळालेली नाही. त्या बातमीचं कात्रण मात्र आपल्या गटावर अगदी अभिमानानं फिरलं.

आपल्या प्रत्येक सहलीत पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं नाव घेतलं जातं, त्यामुळे त्यांचंही सांगते. राजस्थानातलं भरतपूरचं पाणथळ कोरडं करून तिथे शेती करावी अशी मागणी जोर धरत होती, तेव्हा हे गृहस्थ 'मी फक्त पक्ष्यांसाठी' म्हणून गप्प बसले नाहीत. त्यांनी गोष्ट थेट पंडित नेहरूंच्या कानावर घातली. केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलातल्या धरणाविरुद्धही ते बोलले. १९८५मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. आपल्या नियम ४ प्रमाणे त्यांना आपण दुसऱ्या दिवशीच काढलं असतं.

आणि ज्या संस्थेनं आपल्या सगळ्यांना पक्षी बघायला शिकवलं ती बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) तरी काय होती? १८८३मध्ये मुंबईत जमलेले आठ हौशी लोक. तीन वर्षांनी त्यांचं जर्नल निघालं. डॉक्टर, इंजिनिअर, मळेवाले, जंगलखात्यातले लोक त्यात टिपणं पाठवायचे, आणि पुढच्या अंकात दुसरा कुणी लिहायचा की अमक्यांनी पाहिलेला पक्षी तो नव्हेच. सभ्य भाषेत एकमेकांना खोडून काढण्यातूनच या देशातल्या पक्ष्यांची माहिती इतकी नेमकी झाली. हौशी लोकांनी मतभेद छापायचे हा आपल्या छंदाचा फार जुना धंदा आहे.

आता 'सभ्य भाषा' म्हटलंच आहे तर दिवाळे गावच्या आपल्या सदस्याचं प्रकरण काढावंच लागेल. ते कुणी बोलत नाही, पण विसरलंही नाही.

एका ज्येष्ठ सरांनी लिहिलं होतं: 'कृपया कुणी गैरसमज करून घेऊ नये, परंतु खाडीची ही दुरवस्था मुख्यत्वे स्थानिक मासेमारी समाजाच्या अस्वच्छ सवयींमुळे झाली आहे, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.' वाक्य इस्त्री केलेलं. 'कृपया' आहे, 'नम्रपणे' आहे. खाली पाचसहा अंगठे. त्यावर त्या कोळी सदस्यानं उत्तर दिलं: 'सर तुम्ही कधी होडीत बसलात का? आमच्या जाळ्यात मासा कमी आणि तुमच्या सोसायट्यांचं प्लास्टिक जास्त येतं. कंपन्यांचं पाणी कोण सोडतो ते विचारायची हिंमत आहे का? उगाच आमच्यावर घाण टाकू नका.' त्याचा मेसेज हटवला गेला, 'भाषा जपा, ज्येष्ठांचा मान राखा' अशी समज मिळाली. सरांचं वाक्य अजून तिथे आहे, वर सरकवून बघा.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं सांडपाणी आणि आपल्या सगळ्यांच्या घरांतला मैला कित्येक वर्षं या खाडीत उतरतोय, हे ती खाडी पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. माहितीच्या बाजूनं पाहिलं तर त्या दोघांत खाडी जास्त कुणाला कळत होती हे सांगायला नको. पण मुद्दा माहितीचाही नाही. एका अख्ख्या समाजाला घाणेरडं ठरवणारं वाक्य शिष्टाचारात बसलं, कारण त्याची पट्टी खालची होती. ज्याला लागलं तो जरा चढ्या आवाजात बोलला, तर तो उद्धट. शिष्टाचार म्हणजे नुसता आवाजाचा सूर असेल तर तो ज्याचं मराठी शाळेत नीट घोटून झालंय त्याच्याच बाजूनं उभा राहणार. मोठ्यांशी कसं बोलावं हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. मोठ्यांनी कसं बोलावं हे गटाच्या नियमांत एकदा तरी लिहा.

तो सदस्य तेव्हापासून गटात आहे पण एक शब्द लिहीत नाही. भरतीच्या वेळा, कुठल्या पाणवठ्यावर कधी थवा उतरतो, हे तो आधी न विचारता सांगायचा. आता आपण ॲपवर बघतो आणि अर्धा तास उशिरा पोचतो.

नव्यांची टिंगल हा असाच दुसरा प्रकार, थोडक्यात सांगते. घारीला गरुड म्हणणाऱ्या ताईंना 'आधी चष्मा बदला' असं लिहून हसणारे आपल्यातले मुरलेले बर्डर आहेत. त्या ताईंनी नंतर फोटो टाकला नाही. असे मेसेज कधी हटवल्याचं मला आठवत नाही. ते 'गंमत' या सदरात मोडतात.

तुमची एक भीती मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. 'उद्या कुणी काही टाकलं आणि पोलिसांत गेलं तर ॲडमिन म्हणून आधी मला बोलावतील.' हे तुम्ही दोनतीनदा म्हणालात. हे भय आपल्या भागात उगाच आलेलं नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर एक साधी पोस्ट लिहिली म्हणून एका मुलीला आणि ती लाइक केली म्हणून तिच्या मैत्रिणीला पालघरमध्ये अटक झाली होती. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ला रद्द केलं. का, ते वाचण्यासारखं आहे. 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' असले शब्द इतके ढगळ आहेत की त्यांत काहीही बसवता येतं, हे एक कारण. आणि न्यायालयानं असंही सांगितलं की चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. बोलण्याला आवर घालायचा प्रश्न चिथावणीपाशी येतो.

आता आपला नियम ७ वाचा: 'गटाचे वातावरण बिघडवणारे मेसेज टाकू नयेत.' वातावरण कुणाचं, बिघडलं हे ठरवणार कोण? न्यायालयानं जे ढगळ म्हणून फेकून दिलं ते आपण उचलून घरात आणलंय.

ॲडमिनच्या जबाबदारीचंही उत्तर आहे. गोंदियाकडच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये स्पष्ट केलं की सदस्यानं काय टाकावं हे ॲडमिन आधी तपासू शकत नाही. त्याच्या हातात असतं ते सदस्य घेणं आणि काढणं. तो स्वतः त्या कटात किंवा समान हेतूत सामील नसेल तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला गुन्हेगार धरता येणार नाही. केरळ उच्च न्यायालयानंही २०२२मध्ये असाच निकाल दिला. कुणी धर्माजातीवरून भडकवणारं काही टाकलं तर ते लगेच काढा, काढायलाच हवं. त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण 'तळ्यात पाणी का नाही' या प्रश्नासाठी तुमच्या दारात जीप येईल असं समजून झोप उडवून घेऊ नका.

आणि हो, 'हा आमचा खाजगी गट आहे, इथे कसलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य' असं तुमच्यापैकी एकजण फोनवर म्हणाले. कायद्यानं ते बहुतांशी बरोबर आहेत. घटनेचं कलम १९ मुख्यतः सरकारला बांधण्यासाठी आहे, व्हॉट्सॲपच्या ॲडमिनसाठी नाही. उद्या तुम्ही मला काढलंत तर मी काही कोर्टात जाणार नाही. पण हक्क नसला म्हणून शहाणपणाला सुट्टी मिळते असं थोडंच आहे? हजारभर माणसांचा गट हा दिवाणखाना नसतो. आपण तिथे वनखात्याच्या पक्षीगणनेची नावनोंदणी करतो, शाळांच्या सहली ठरवतो, वर्तमानपत्रवाले तिथून फोटो मागतात. सार्वजनिक मान हवा तेव्हा आपण संस्था असतो आणि प्रश्न विचारला की लगेच घरगुती मंडळ होतो.

मला काय हवंय तेही सांगते, नाहीतर म्हणाल नुसतं बोट दाखवते.

घरट्याचं, बिळाचं, घुबडाच्या ढोलीचं लोकेशन गटावर टाकायचं नाही. हा नियम सगळ्यांना सारखा, मोठ्या लेन्सवाल्यांनाही. रेकॉर्डिंग लावून, पानं छाटून काढलेला फोटो कितीही सुंदर असला तरी तो ठेवायचा नाही. इथे तुम्ही कडक व्हा, मी तुमच्या मागे उभी राहीन, शिव्याही खाईन.

विषयावर बंदी नको. पक्षाचा प्रचार, नेत्यांचे वाढदिवस, निवडणुकीचे व्हिडिओ नकोत, हे मान्य. पण पाणी, खारफुटी, भराव, फ्लडलाइट, विमानतळ, सांडपाणी हे पक्ष्यांचेच विषय आहेत, त्यावर बोलता यायला हवं. एका कार्यालयाला प्रश्न विचारणं म्हणजे पक्षीय राजकारण नाही. 'त्यासाठी कम्युनिटीत वेगळा उपगट काढू' अशी सूचना येईल हे मला माहीत आहे. काढा हवा तर. पण अडचणीचं बोलणं मागच्या खोलीत ढकलायचं आणि पुढच्या खोलीत गुलाबी थव्यांचे फोटो लावायचे, असा तो होणार असेल तर माझा विरोध आहे. तळं आटल्याचा फोटो थव्याच्या फोटोशेजारीच दिसायला हवा, निदान एकदा तरी.

मेसेज हटवला तर कुणी आणि का हे एका ओळीत लिहा. माणूस काढण्याआधी त्याला एकदा विचारा. समाजावर, जातीवर, प्रांतावर घसरणारं वाक्य कितीही 'कृपया'सकट आलं तरी हटवा. आणि तिघांत एकतरी ॲडमिन असा घ्या जो खाडीकाठी राहतो. दिवाळ्याच्या आपल्या सदस्याचं नाव मी सुचवते, तो हो म्हणेल याची मात्र खात्री देत नाही.

ऐरोलीच्या मुलाला परत घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवाल. त्याच्याशी मी बोलले. तो चिडलेला वगैरे नाही. म्हणाला, 'मला गटापेक्षा गटातली माणसं हवी होती, चारजण बरोबर आले असते तर अर्ज वजनदार झाला असता.' त्यानं शेवटी एकट्यानंच अर्ज दिलाय. सोबत दोन फोटो आणि त्या दिवसाच्या भरतीची वेळ. पोच घेतलीय. गटावर टाकता येत नाही म्हणून कुणाला त्याची प्रत हवी असेल तर माझ्याकडे मागा.

येत्या रविवारी येऊरची फेरी आहे. ती झाली की उपवनच्या कट्ट्यावर अर्धा तास बसू. तुम्ही तिघे या, ज्येष्ठ सरांनाही आणा. त्यांच्याशी मी नीटच बोलेन. नियमावलीची एक छापील प्रत आणते, पेन तुम्ही आणा.

कळावे,
नेरूळची एक सदस्य

ता. क. तिबोटीचं ते पिन हे लिहिताना गटावर तसंच आहे. बाकीचं रविवारी बघू, ते आज काढा.